एकाच माणसाची गाडी

१

"बसतो एकच मानूस त्या गाडीत, आनि चा मातर आठ जनांचा! त्यात कुनाला साखर कमी, कुनाला आलं नको. गाडी तपासतान का सोयरीक जुलवतान?"

भोईरांची स्वयंपाकीण राहीबाई हे चहाच्या पातेल्याला सांगत होती. मागच्या मोरीवर हात धुणाऱ्या नलिनी वर्तकला ते ऐकू गेलं. साखर कमी सांगणारी आपणच, हेही तिच्या लक्षात आलं. सोयरिकीचं मात्र तिला पटलं. ती आली होती ती कुळी जुळवायलाच.

नलिनीचं पोट विम्यावर चाले. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते ठरवायचं. रविवारी मात्र ती हौशी शर्यतवाल्यांच्या एका क्लबसाठी फुकट राबायची. शर्यतीच्या जुन्या, एका सीटच्या गाड्या कुणाकडून कुणाकडे गेल्या, ते तपासायचं. 'हौशी' आणि 'फुकट' हे दोन शब्द एका वाक्यात आले की वसईला तिचा नवरा तोंडासमोर पेपर धरी.

रस्त्यावरच्या गाडीला आरटीओचं पुस्तक असतं. शर्यतीच्या गाडीला ना नंबर, ना पुस्तक. ती ट्रकवर चढून मैदानात जाते आणि ट्रकवरच परत येते. तिची ओळख म्हणजे सांगाड्यावर बसवलेली कारखान्याची पितळी पट्टी आणि माणसांची तोंडं. एका गाडीचे सुटे भाग वाटून दोन गाड्या उभ्या करणारे महाभाग कमी नव्हते, म्हणून क्लबचा नियम कडक होता. पट्टी जागेवर हवी. आणि गाडी ज्याच्या ज्याच्या हाती होती त्यानं, तो नसेल तर त्याच्या वारसानं, तपासनिसासमोर तोंडानं सांगायला हवं: कुठून आली, कुठं गेली. मधला एक दुवा निसटला की गाडी बाद.

चहाचा पहिला घोट घेतला तेवढ्यात समोरच्या गोदामातून देवेशची आरोळी आली.

"पट्टी! तात्या, पट्टी गेली!"

पूर्णा गावात भोईरांच्या शेतावर आता भात नव्हतं, गोदामं होती. त्यातल्या सगळ्यात जुन्या गोदामात, कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे, ती गाडी उभी होती. विलायतेत बांधलेली, सुरमईसारखी लांब आणि निमुळती, चारही चाकं अंगाबाहेर. मधोमध एकाच माणसाला मावेल एवढी खोबण.

देवेश गुडघ्यांवर बसला होता. "काल दिवे लागताना मी स्वतः पुसली हो, मॅडम."

त्याचे वडील केसरीनाथ, ज्यांना सगळं घर तात्या म्हणे, दारात उभे होते. सत्तरी जवळ आली तरी दाराच्या चौकटीखालून वाकून यावं लागावं अशी उंची. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही.

"गेली तर गेली. ताडपत्री टाका."

"तात्या!" मृणाली ओरडली. केसरीनाथांच्या धाकट्या भावाची, अनंताची, ही मुलगी. अनंता गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आता हौशी शर्यतींत गाडी हाणणारी ठाणे जिल्ह्यातली बहुधा एकटीच भोईरीण. "माझ्या बाबांची गाडी आहे ती. जानेवारीत मी तिच्यात बसणार म्हणजे बसणार."

नलिनीनं कप खाली ठेवला. "प्रवेशाची मुदत आज संपते. संध्याकाळपर्यंत पट्टी सापडली नाही तर मला 'ओळख पटत नाही' असं लिहावं लागेल. एकदा लिहिलं की ही गाडी पुन्हा कुठल्याच शर्यतीत उतरत नाही."

गठ्ठ्यांच्या आडोशाला मृणालीची आई सीताबाई उभी होती. तिनं पदर आणखी पुढे ओढून घेतला.

२

चोरानं दोन गोष्टी केल्या होत्या. नलिनीच्या मते त्यातली एकही चोराची नव्हती.

पट्टी काढल्यावर त्यानं स्क्रू परत भोकांत बसवले होते. चारही, नीट, शेवटपर्यंत फिरवून. डबा रिकामा केला तरी झाकण लावून ठेवावं, तसे.

आणि पट्टीच्या जागेवर अंगठ्यानं ओढलेला राखेचा ताजा ठसा होता. त्याच्याखाली दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचा वाळका थर.

"विडीची राख," देवेश म्हणाला. "दामूच. अनंताकाकांचा जुना मेकॅनिक. परवा येऊन गाडीकडे बघत बसला होता. निजामपुऱ्यात दुकान आहे त्याचं. त्यालाच धरा."

"गोदामाची चावी कुठे असते?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला."

"मग दामूला आधी राहीबाईंना ओलांडून जावं लागलं असतं. ते मला तरी जमलं नसतं." नलिनीनं बोट राखेवर टेकवून वास घेतला. तंबाखू नव्हती. "तुला यात काय मिळणार होतं, देवेश?"

"मला? मुंबईचा एक शेठ गाडीसाठी मागे लागलाय. आज पट्टीसकट जे देईल, ते पट्टीशिवाय भंगारवालाही देणार नाही. मी कशाला काढू?" तो चिडला, मग ओशाळला. "आणि मृणालीताईचं एवढं मन आहे. विकायचं मी बोललोसुद्धा नाही तिच्यासमोर."

खरं बोलत असावा. खोटं बोलणारा माणूस स्वतःचा लोभ आधी सांगत नाही.

केसरीनाथ ओटीवर बसले होते. पायरीवर त्यांच्या चपला, दोन होड्या किनाऱ्याला लावाव्यात तशा.

"गाडी अनंतानं घेतली. मुंबईच्या एका पारशाकडून," ते म्हणाले. पाठ केल्यासारखं. "दिवाळीत त्यानं मला दिली. बोलला, तात्या, आता पोर झाली, शर्यत बंद. माघात तो गेला. नाशिक रोडला ट्रकनं उडवला. गाडी मी ताडपत्रीखाली टाकली. दसऱ्याला देवेशनं काढली, तोवर कुनी हात लावला न्हाय."

"तुम्ही कधी चालवलीत?"

"मी?" ते हसले. हसू ओठांतच अडलं. "मी ट्रकवाला मानूस. बसलो पन न्हाय कधी तिच्यात."

नलिनी परत गोदामात आली तेव्हा मृणाली खोबणीत उतरून बसली होती. अंग पार खाली सरकवून पाय नाकाडाच्या आत ताणत होती.

"पोचत नाहीत," ती म्हणाली. "पेडलं फार पुढे आहेत. सरकवता येतात, पण मी म्हटलं, आधी तपासणी होऊ दे. बाबांनी ठेवलंय तसं तुम्ही बघावं." ती थोडी लाजली. "घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही हो. आईला विचारलं तर ती भात बघायला उठते. फोटो एकच आहे. यातच बसलेले, डोक्यावर हेल्मेट. पहिल्यांदा बसले आणि पाय पोचेनात, तेव्हा मला कळलं, माझे बाबा उंच होते. तात्यांसारखे. किती बरं वाटलं म्हणून सांगू."

मागे काहीतरी खणकन पडलं. सीताबाईच्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला होता. तो तिनं उचलला नाही. तशीच वळली आणि घराकडे चालू लागली.

नलिनी गाडीच्या नाकाशी उताणी झोपली आणि बॅटरी आत धरली. पेडलांची बैठक पुढेमागे बसवायला तळाला छिद्रांची रांग होती. बैठक सगळ्यात पुढच्या, शेवटच्या छिद्रांत आवळलेली. नट, वायसर आणि तळ गंजून एकजीव झालेले. वर्षानुवर्षं त्यांना पाना लागलेला नव्हता.

३

निजामपुऱ्याच्या गल्लीत गुपित सांगता येत नाही. दोन्ही अंगांना कापडाचे लूम खडखडत असतात. जे सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागतं.

"दामूचाचा! कोई मॅडम आयी है!" एका कामगारानं हाळी दिली.

दामू गणेशपुरीकडच्या पाड्यावरचा. तरुणपणी अनंताच्या गाडीपाशी लागला, आता लूमचे दाते झिजले की बसवून देई. नलिनीला त्यानं स्टूल दिलं, आपण उकिडवा बसला. खिशात विडीचं बंडल होतं.

"पट्टी मी न्हाय नेली!" तो ओरडला.

"माहितीये!" नलिनी ओरडली. "अनंताशेठबद्दल सांगा!"

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "देवमानूस! रविवारी इमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत. साहेबलोक, शेठलोक, आनि आमचे हे पूर्ण्याचे! कप घ्यायला उभे राहिले की लोक बोलायचे, कप मोठा का शेठ मोठा? माझ्या खांद्याला लागायचे. पाठीला उशी मीच शिवून आनलेली, आनि पेडलं पार सीटकडं वढलेली, तवा कुठं—"

तो थांबला. विडी पेटवायला घेतली. काडी विझली.

"सीटकडे ओढलेली?" नलिनी ओरडली. "आता ती सगळ्यात पुढे आहेत, दामूदादा! आणि उशी नाही!"

"गाडी हालवताना झालं असंल!"

"नट गंजून बसलेत! आत मुंडकं घालून, उलटं झोपून, अर्धा दिवस घालवल्याशिवाय ती हलत नाहीत! कुणीतरी मुद्दाम पुढे नेली! कुणासाठी?"

आणि वीज गेली.

आधी जवळचे लूम थांबले, मग पुढचे, मग गल्लीच्या टोकाचे. कामगार घाम पुसत दारांत येऊन उभे राहिले. इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलेलं ऐकू आलं. आणि त्या शांततेत नलिनीचा शेवटचा शब्द तसाच लटकून राहिला.

दामूनं दोन्ही हात जोडले. आवाज इतका खाली आणला की नलिनीला वाकावं लागलं.

"बाई, पेडलं मीच सरकवली. अनंताशेठनं सांगितलं म्हनून. लय खुशीत होते. पुढचं मला विचारू नका. सीताबाईंच्या पायावर हात ठेवून शबूद दिलाय मी."

"सीताबाईंना? केसरीनाथांना नाही?"

दामूनं लूमचा एक झिजलेला दाता उचलला आणि कानशीनं घासायला घेतला.

४

परत आल्यावर नलिनी गोदामात न जाता थेट मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली.

"परत चा?" राहीबाईनं विचारलं.

"तुम्ही द्याल तेवढ्या साखरेचा," नलिनी म्हणाली. राहीबाई प्रसन्न झाली. नलिनी पाटावर टेकली. "राहीबाई, तुमच्याकडे गाडीचं काही काम काढलं, तर आधी काय करतात?"

"काम म्हंजे?"

"काही खोलायचं असलं."

"तिच्या पाया पडाचं! लोखंड झालं तरी लक्षुमीच ती. ट्रकचा टायर जरी काढला तरी तात्या बोटभर कुकू लावतान, नारल फोडतान, मग पाना." तिनं आलं ठेचता ठेचता मान हलवली. "देवेश लावतो, मृणाली लावते, मी पन लावते."

"कुंकूच?"

"मग काय गुलाल?"

"आणि सीताबाई?"

राहीबाईचा हात थांबला. "ती करंड्याला हात लावत न्हाय. अनंताशेठ गेल्यापासून. म्या सांगितलं, अगं, देवाला लावायला काय व्हतं? न्हाय म्हंजे न्हाय. देवाम्होरच्या उदबत्तीचा अंगारा घेते, तोच देवाला, तोच तुलशीला." ती नलिनीकडे बघत राहिली. मग ठेचलेलं आलं पातेल्यात न टाकता हातातच धरून हळूच म्हणाली, "कशापाई इचारता?"

उत्तर आतल्या दारातून आलं. "कारन त्यांना समजलंय."

सीताबाई आत आली. राहीबाईला तिनं नुसतं पाहिलं, तशी ती आलं घेऊनच अंगणात गेली.

"स्क्रू परत का लावलेत?" नलिनीनं विचारलं. दुसरं काही विचारायचा तिला धीर झाला नाही.

"उघडं कसं टाकनार? त्यांची गाडी ती." सीताबाईनं कनवटीला हात घातला आणि पितळी पट्टी काढून नलिनीच्या तळहातावर ठेवली. अंगाच्या उबेनं ती गरम होती. "देवेश बोलला, ही पट्टी न्हाय तर गाडी कुनाचीच न्हाय. मला वाटलं, बरंच हाय. कुनाचीच नको. पोरगी रोज तिच्यात बसून पाय तानते. आज न उद्या कुनीतरी बोललं असतं तिला, अगं, तुझा बाप तर बुटका."

"सीताबाई, मी पट्टी लावली तर पुढचं विचारावंच लागेल."

"मग लावू नका. ओळख पटत न्हाय म्हनून लिवा आनि जा." तिचा आवाज चढला नाही. "तिला चालाय कुनी शिकवलं? शाळंत कोन सोडायचं? ताप आला की उशाला कोन बसायचं? पोरीचा बाप एकदा गेलाय, बाई. तिचा दुसरा बाप तुम्ही नेऊ नका."

५

पट्टी जागेवर बसली तेव्हा गोदामाच्या पत्र्यांतून तिरपी उन्हं आत येत होती. नलिनीनं चारही स्क्रू स्वतः फिरवले. बाहेरच्या ट्रकवाल्याला देवेशनं इंजिन बंद करायला लावलं.

"कुठे मिळाली?" त्यानं विचारलं.

"मिळाली. क्लब एवढंच विचारतो."

"पण नेली कुणी? तुम्हाला कळलंय, मॅडम!"

"देवेश," मृणाली म्हणाली, "गप ना. मिळाली ना?" ती हसत होती. ओळख पटत नाही असं लिहिलं असतं तर आत्ता नलिनी वसईच्या वाटेला लागली असती. पण मग या पोरीच्या हाती काही उरलं नसतं. ना गाडी, ना बापाची खरी हकीकत.

"आता दुवे," ती म्हणाली. "पारशीबुवांच्या मुलाशी मी फोनवर बोलले. गाडी त्यांनी अनंता भोईरांना दिली, हे पक्कं. पुढे?"

"पुढं मला," केसरीनाथ म्हणाले. "दिवाळीत."

"हे अनंतांच्या वारसानं सांगायचं. सीताबाई?"

मोठ्या दिरासमोर सीताबाई बोलत नसे. घराला वाटे, ती जुनी रीत. ती पदराआडून म्हणाली, "हं."

"'हं' नाही चालत. दिली का?"

सीताबाईनं पदराचं टोक दातांत धरलं.

"बरं, मी गाडीलाच विचारते," नलिनी म्हणाली. तिनं केसरीनाथांकडे पाहायचं टाळलं. "बसमध्ये कुणीही बसतं. ही गाडी एका माणसाच्या मापाची करून घ्यावी लागते. अनंता दामूच्या खांद्याला लागायचे. त्यांच्यासाठी पाठीला उशी होती आणि पेडलं सीटला टेकलेली होती."

"नाही हो," मृणाली म्हणाली. "बाबा उंच..." ती आईकडे वळली. "आई?"

सीताबाईनं डोळे मिटले.

"पेडलं पुढच्या छिद्रांत गंजून बसलीयत," नलिनी सांगत राहिली. "म्हणजे या गाडीत शेवटी बसलेला माणूस उंच होता, आणि त्याच्यानंतर कुणीच बसलं नाही. पेडलं चोरून सरकवलेली नाहीत. अनंतांनीच दामूला सांगून सरकवून घेतली. खुशीनं. गाडी देऊन टाकायची असती तर घेणाऱ्यानं आपल्या सवडीनं केलं असतं. एवढा खटाटोप त्यांनीच करवून घेतला, म्हणजे गाडी त्यांनी दिली नव्हती. फिरवायला दिली होती. मालक ते होते आणि त्यांच्यामागे सीताबाई आणि मृणाली. हा दुवा मला चालतो. गाडी मृणालीच्या नावानं शर्यतीत उतरू शकते."

देवेशचं तोंड उघडंच राहिलं. "मग तात्या, तुम्ही दिवाळीचं का..."

"एकच प्रश्न उरतो," नलिनी म्हणाली. "तो प्रत्येक गाडीला विचारतात. या गाडीनं कधी कुणाचा जीव घेतला का?"

"न्हाय!" सीताबाई म्हणाली. मोठ्यानं, दिरासमोर, पदर डोक्यावरून घसरला तरी. "न्हाय म्हनून लिवा. ट्रकनं उडवलं त्यांना. सगल्या गावाला म्हाईत हाय."

"आई, तू अशी का ओरडतेस?" मृणाली खोबणीची कड धरून उभी होती. बोटं पांढरी पडली होती. "शेवटी कोण बसलं होतं यात?"

देवेश वडिलांच्या पायांकडे बघत होता. मग त्यानंही नजर काढून घेतली.

"मृणे, घरात चल," सीताबाई म्हणाली. "भात करपंल."

"सीता, बस." केसरीनाथ पुढे आले. हात टेकवून ते हळूहळू एका गठ्ठ्यावर बसले, तेव्हा कुठं त्यांचं डोकं मृणालीच्या डोक्याइतकं झालं. "एवढी वर्सं तू खोटं ताटात वाढलंस आनि मी खाल्लं. बस झालं."

"तात्या?" मृणाली म्हणाली.

"तुझ्या बारशाला तो बोलला, तात्या, तू कदी बसला न्हायस. तुझ्या मापाची करून देतो, एक फेरी मार. धावपट्टीच्या वलनावर तो सोता जाऊन उभा राह्यला. हात वर केला की ब्रेक दाब बोलला. त्यानं हात वर केला. मी दाबला." त्यांनी आपल्या पायांकडे बोट केलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "आत जागा इतकीशी. माजा पाय दोनी पेडलांवर पडला. गाडी थांबायच्या जागी उसलली. तो हसत होता, मृणे. हात वरच होता त्याचा. ट्रक कुटलाच नव्हता. गाडी मी चालवत व्हतो."